पाचव्या फादरचं पान

९ जानेवारी

चि. भोपळ्यास,
अ. उ. आ. वि. वि.

तुला फादर होऊन पंधरा वर्षं झाली, तरी पहिल्या ओळीशी माझं पेन अडतंच. वयाने मोठा मी, म्हणजे आशीर्वाद मी द्यायचा. झगा तुझा, म्हणजे आशीर्वाद तू द्यायचा. तुझी वहिनी म्हणते, दोघांनी एकमेकांना देऊन टाका आणि पुढची बातमी लिहा.

बातमी अशी, की येत्या आठ सप्टेंबरला आपल्या चर्चला शंभर वर्षं पूर्ण होतात. फादरांनी अकरा जणांची समिती नेमली आहे. मी तिच्यात नाही. समिती बसते मात्र मी केलेल्या बाकांवर, आणि बाक करकरला की सगळे माझ्याकडे बघतात. चोवीस वर्षं चर्चच्या किल्ल्या माझ्या कमरेला आहेत. दार मी उघडतो, मेणबत्त्या मी लावतो, घंटा मी वाजवतो. ठरवायची वेळ आली की अकरा जण, आणि खुर्च्या मांडायच्या की दादा.

आपले हेडमास्तर चर्चचा इतिहास लिहितायत, पुस्तक निघणार आहे. विटांच्या भट्टीवरच्या शेडमध्ये झालेली पहिली मिस्सा-प्रार्थना, प्रत्येक घराने आणून दिलेल्या विटा, तापाच्या साथीत सिस्टरांनी शाळेचा केलेला दवाखाना, सगळं जमवलंय त्यांनी. परवा वही घेऊन ते दुकानात आले. मी रंधा बाजूला ठेवला, हात पुसले, चहा सांगितला. मनात म्हटलं, आता छताचं विचारणार. दोनशे बारा फळ्या. निम्म्या बाबांच्या हातच्या, निम्म्या माझ्या. मास्तरांनी चहा संपवला आणि विचारलं, की धाकट्याची कॉलर नीट दिसेल असा एखादा फोटो आहे का.

आपल्या चर्चच्या या धर्मग्रामाने पाच फादर दिले, त्या प्रत्येकाला एकेक पान. बेकरीवाल्याच्या थोरल्याला दीड, कारण तो बिशपांचा सेक्रेटरी. मी सहज विचारावं तसं विचारलं, की सुतारांचं काय. ते म्हणाले, शेवटी ‘इतर सेवेकरी’ अशी यादी आहे, तिच्यात सगळे येतील.

तर फोटो आणि स्वतःबद्दल एक पान मजकूर पाठव. मास्तर रोज संध्याकाळी दुकानावरूनच फिरायला जातात, तेव्हा माझ्याकडेच पाठव, मी हातोहात देईन. वहिनी बरी आहे. पोरं तुझी आठवण काढतात, जरा जास्तच.

लोभ आहे, तो आहे तिथेच राहू दे.

तुझा,
दादा


२२ जानेवारी

तीर्थस्वरूप दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून दोनदा हसलो आणि एकदा गप्प बसलो. गप्प कुठे बसलो ते ओळख.

इथलं काय सांगू? शहर मोठं, चर्च त्याहून मोठं. रविवारी तीन मिस्सा होतात. लोक एका दाराने येतात, दुसऱ्याने जातात. चार वर्षं झाली, पण पहिल्या रांगेतली बाई अजून मला आधीच्या फादरांच्या नावाने हाक मारते. मी ओ देतो. माझी खोली तिसऱ्या मजल्यावर, खिडकीतून समोरच्या इमारतीचे पाइप दिसतात. जेवण डब्यात येतं, डबा दाराशी ठेवलेला असतो. तुला वाटत असेल भोपळा मजेत आहे. वजन मात्र खरंच वाढलंय.

मास्तरांसाठी पाकीट सोबत आहे, आत फोटो आणि पान. मुद्दाम चिकटवलंय. ते छापून येईपर्यंत तू वाचू नयेस असं वाटतं. वाचलंस तर हजार चुका काढशील. लहानपणापासून तुझी नजर सांध्यावरच.

गुडघा कसा आहे? शिडीवर चढू नकोस असं मी सांगणार आणि तू चढणार, म्हणून सांगत नाही. चर्चच्या गायनात दीपवाल्या मावशी अजून अर्धी मात्रा मागे असतात का? त्यांना नमस्कार. वहिनीला नमस्कार, पोरांना पापे.

तुझी माया कमी पडू देऊ नकोस, इथे तिचाच आधार आहे.

तुझा,
भोपळ्या


१८ मार्च

चि. भोपळ्यास,
अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला. शाळेच्या सत्तावीस खिडक्यांच्या चौकटी करायला घेतल्या होत्या. पाकीट पोचलं. त्याची काळजी करू नकोस.

दीपवाल्या मावशी आता पूर्ण मात्रा मागे असतात. बाकीच्या बायका त्यांच्यासाठी थांबतात, म्हणून मिस्सा पाच मिनिटं लांबते. बेकरीवाल्याचा थोरला मागच्या रविवारी गाडीतून आला होता. सगळी समिती दारात. मी गाडीचं दार उघडायला पुढे झालो, तर त्याने माझ्या हातात बॅग दिली. चूक त्याची नाही. किल्ल्यांचा जुडगा बघून त्याला वाटलं असेल की बॅग उचलायला नेमलेला माणूस. एकेकाळी याच हातांनी मी त्याचं नाक पुसलंय.

तुला एक गंमत सांगतो. नवा पोस्टमन परवा दुकान शोधत होता. त्याने समोर विचारलं, फादरच्या भावाचं दुकान कुठलं. समोरच्याने लगेच बोट दाखवलं. शेहेचाळीस वर्षं या गावात राहिलो, गावातल्या निम्म्या माणसांच्या पलंगांचे पाय माझ्या हातचे, आणि माझं नाव काय, तर फादरचा भाऊ.

आणि ऐक. शाळेत पोरीला ‘माझी आवडती व्यक्ती’ असा निबंध होता. पहिला नंबर आला. वहिनीने शेजारणीला वाचून दाखवला, शेजारणीने तिच्या जावेला. काका असे, काका तसे, काका पत्रात चित्रं काढतात. मी तिथेच पाटावर बसून करवतीला धार लावत होतो. निबंधात माझाही उल्लेख आहे म्हणा. ‘काकांना एक भाऊ आहे, ते माझे बाबा.’

वहिनी म्हणाली, की माझा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी म्हटलं, भुसा गेला डोळ्यात.

बाकी ठीक. पुस्तकाच्या वेष्टनावर छताचा फोटो आहे म्हणे. खाली नाव कोणाचंच नाही.

आमच्यावरची नजर अशीच राहू दे.

दादा


३० जून

तीर्थस्वरूप दादास,
सा. न. वि. वि.

काल फादरांकडून पुस्तक आलं. प्रकाशन सप्टेंबरात, पण बाहेरगावच्या फादरांना एकेक प्रत आधीच पाठवलीय. वेष्टनावर आपलं छत बघून मी जिन्यातच थांबलो. तिथूनच पानं उलटायला लागलो.

पान एकेचाळीसवर लिहिलंय, की या धर्मग्रामाने देवाच्या सेवेला चार फादर दिले. चौघांचे फोटो आहेत. मी तीनदा मोजले.

सोबत निमंत्रण आहे, सर्वांना असतं तसं छापील. प्रवचन बेकरीवाल्याचा थोरला करणार. दिवाळखोराने सगळीकडे शोधावं तसं मी निमंत्रणाच्या पाठीमागेही बघितलं, की कोणी हाताने दोन शब्द लिहिलेत का.

मास्तरांना थेट लिहिणार होतो. मग वाटलं, आधी तुला विचारावं. माझं पान त्यांना आवडलं नाही का? जरा घरगुती लिहिलं होतं, इतिहासात शोभणार नाही असं वाटलं असेल. तसं असेल तर तसं सांग, मला राग नाही. आणि टपालात हरवलं असेल तर तेही सांग. पण पोचलं असं तूच लिहिलं होतंस.

पोरीला म्हणावं, निबंध वहिनीने मला पाठवला. माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलाय.

उत्तराची वाट बघतो. मनातली जागा ठेव.

तुझा,
भोपळ्या


११ जुलै

भोपळ्या,

आज आशीर्वाद लिहीत नाही. देण्याच्या लायकीचा नाही.

पाकीट टपालात हरवलं नाही. मास्तरांना नापसंतही पडलं नाही. मी ते त्यांना दिलंच नाही. दुकानाच्या खणात पॉलिश-कागदाखाली आहे, जसं आलं तसं, चिकटवलेलं.

ठरवून केलं असं नाही. ज्या दुपारी पाकीट आलं त्याच दुपारी पोरगी निबंध घेऊन आली. संध्याकाळी मास्तर दुकानावरून गेले तेव्हा पाकीट समोर पडलेलं होतं. मी त्यांना हाक मारली नाही, एवढंच. म्हटलं उद्या देऊ. दुसऱ्या दिवशी पाऊल उचललं नाही. मग ते खणात गेलं. मास्तरांनी एकदा विचारलं, मी म्हटलं अजून आलं नाही. एप्रिलात पुन्हा विचारलं. मी म्हटलं, कामात असेल. तेव्हा ते म्हणाले, मोठ्या शहरात गेला की माणूस गाव विसरतो. मी मान हलवली.

ती मान हलवताना मला बरं वाटलं, भोपळ्या. खोटं लिहीत नाही. कोणीतरी तुझ्याबद्दल वाईट बोललं आणि मला गार पाणी प्यायल्यासारखं वाटलं. रात्र काय दिवस काय, नंतर मात्र घास उतरेना. वहिनीला काय झालंय ते कळेना. ती मला गुडघ्याचं तेल लावत राहिली.

तुझं पत्र आलं आणि शनिवारी मी पापनिवेदनाला गेलो. तो कठडा, ती जाळी, सगळं मीच केलेलं. कुठली फळी करकरते ते ठाऊक आहे, म्हणून जरा डावीकडे गुडघे टेकले. फादर माझ्यापेक्षा कितीतरी लहान. सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, की पाकीट उघडलं का. नाही म्हटलं. का नाही, असं विचारलं. मी म्हटलं, आत चांगलं लिहिलेलं असेल अशी भीती वाटली. ते म्हणाले, की पाकीट माझं नाही, ज्याचं त्याला परत जाऊ दे, आणि सोबत खरं जाऊ दे. मास्तरांचं काय, असं मी विचारलं. ते म्हणाले, की तेही माझंच काम आहे, पण त्याची तारीख ते ठरवणार नाहीत.

मला तुझा झगा हवा होता, तुझं पान हवं होतं. आता माझी पोरगीही तू घेतलीस असं वाटलं. पाकीट सोबत पाठवतो. माफ कर असं लिहिण्याचा धीर होत नाही.

दादा


२५ जुलै

दादा,
सा. न. वि. वि.

याआधी दोन पत्रं लिहिली आणि फाडली. पहिल्यात मी फादर होतो, तुला लगेच माफ केलं होतं. ते खोटं होतं. दुसऱ्यात मी भाऊ होतो, त्यातला एकही शब्द वहिनीसमोर वाचता आला नसता.

नाव राहिलं त्याचं काही नाही. मास्तरांना वाटलं मी गाव विसरलो, हे झोंबलं. मला गाव दुसरं नाही, दादा. हे माझं चौथं चर्च. पुढच्या वर्षी पाचवं असेल. तिथेही कोणीतरी मला दुसऱ्याच्या नावाने हाक मारेल.

आणि जळायचंच म्हणशील तर ऐक. तू पत्रात शाळेच्या चौकटी लिहितोस, पोरांचे दात पडले ते लिहितोस, वहिनीने टोमणा मारला ते लिहितोस. ते वाचून मी कित्येकदा पत्र उलटं ठेवलंय. मागच्या महिन्यात ताप आला होता. तीन दिवस दाराशी डबे जमले. चौथ्या दिवशी डबेवाल्याने विचारलं, की फादर बाहेरगावी गेले होते का. तुला तेल लावणारं माणूस आहे. तुला वाटतं माझं सगळं भरलेलं आहे आणि तुझं रिकामं. मला नेमकं उलटं वाटत आलंय.

माफ केलं की नाही, मला माहीत नाही. प्रयत्न चाललाय. सात सप्टेंबरला दुपारच्या गाडीने येतो. प्रवचनाला नाही, बाकावर बसायला. वहिनीला सांग, वाढताना मला विचारू नको, वाढत राहा.

तुझाच,
भोपळ्या


१६ सप्टेंबर

तीर्थस्वरूप दादास,
सा. न. वि. वि.

परत पोचलो. चर्चमधल्या प्रसंगाबद्दल नंतर तू काही बोलला नाहीस, मीही नाही. निघताना वहिनीने सांगितलं, की बाकावरून जे दिसलं ते लिहून पाठवा, यांना स्वतःचं काय झालं तेच कळलेलं नाही. म्हणून लिहितो.

चर्च इतकं भरलेलं मी कधी बघितलं नव्हतं. बेकरीवाल्याचा थोरला फार छान बोलला. इतकं छान, की माझ्या पोटात दुखलं. बिशपांसमोर आणि वेदीसमोर बसून दुखलं, कबूल करतो. मग मास्तर पुस्तक घेऊन उठले आणि चार फादरांची नावं वाचली. बायकांच्या बाजूने दीपवाल्या मावशी मोठ्याने म्हणाल्या, की पाचवा तो काय तिथे बसलाय. या वेळी मात्र त्या मात्रा चुकल्या नाहीत. मास्तर खाकरले आणि म्हणाले, की ज्यांनी उत्तर पाठवण्याची तसदी घेतली त्यांचीच नावं घेता आली. सगळ्यांनी माना वळवून माझ्याकडे बघितलं. मी पायाखालची फरशी बघत राहिलो.

तू बाजूच्या दाराशी उभा होतास. तिथून मधल्या वाटेवर आलास. मला वाटलं खिडकी लावायला चाललास. तू माइकपाशी गेला नाहीस, तिथेच थांबून म्हणालास, की मास्तरांचा दोष नाही आणि भावाचा तर नाहीच. त्याचं पाकीट जानेवारीतच आलं होतं, मी ते खणात दाबून ठेवलं, कारण मी त्याच्यावर जळत होतो. एवढंच. शब्द जसेच्या तसे आठवतात, कारण तू ते खिळे ठोकावेत तसे एकेक करून बोललास. मग किल्ल्यांचा जुडगा फादरांसमोरच्या टेबलावर ठेवलास आणि बाजूच्या दाराने निघून गेलास. तुझी पोरगी उठली, पण वहिनीने तिला बसवलं आणि मला हाताने खूण केली, की तुम्ही जा.

दुकानात आलो तेव्हा तू एक गुळगुळीत फळी रंधत होतास. मला बघून दुसरी फळी माझ्याकडे सरकवलीस. मला रंधता येत नाही हे तुला माहीत आहे. तासभर मी ती फळी खराब केली आणि तू करू दिलीस. त्या तासात कधीतरी माझा राग गेला. नक्की कधी ते सांगता येणार नाही.

पाकीट सोबत आहे. आता उघड. हे मास्तरांसाठी नाही, तुझ्यासाठी पाठवतोय.

आहेस तसा आमचा राहा.

भोपळ्या


२० ऑक्टोबर

चि. भोपळ्यास,
अ. उ. आ. वि. वि.

आज लिहितो आशीर्वाद. घे.

दोन आठवडे दुकानात कोणी फिरकलं नाही. मास्तरांनी फिरायचा रस्ता बदलला. तिसऱ्या रविवारी फादर स्वतः किल्ल्या घेऊन आले. बाजूचं दार कोणालाच उघडत नव्हतं; ते आधी वर उचलावं लागतं आणि मग ढकलावं लागतं. त्यांनी खांदा लावून बघितलं होतं, खांदा दुखत होता. किल्ल्या टेबलावर ठेवून ते म्हणाले, की शंभर वर्षांच्या चर्चला कोणीतरी तक्रार न करणारा हवा. मी म्हटलं, तक्रार तर मी करणारच. मग घेतल्या.

गेल्या गुरुवारी मास्तरही आले. चहा घेतला. माझ्याकडे बघत नव्हते. म्हणाले, की पाचव्या फादरचं पान वेगळं छापून सगळ्या पुस्तकांत चिकटवू, मजकूर द्या. तोवर मी पाकीट उघडलं नव्हतं. त्या संध्याकाळी उघडलं. माझा चष्मा सापडेना म्हणून वहिनीने वाचलं.

तू स्वतःबद्दल चार ओळी लिहिल्यास आणि बाकी सगळं माझ्याबद्दल. की तेव्हाच्या थोरल्या फादरांनी फादर व्हायला सेमिनरीत पाठवण्यासाठी निवडलं ते मला. की ट्रंक भरून तयार होती. की बाबा छताच्या कामात परांचीवरून पडले, पाय गेला, आणि सोळा वर्षांच्या मी स्वतःची इच्छा मारून हातात रंधा घेतला. की तीन वर्षांनी तू माझी ट्रंक घेऊन, माझ्या जागी गेलास, आणि आजही वेदीपाशी उभा राहिलास की दुसऱ्याच्या जागेवर उभा आहेस असं वाटतं. गाव रडेल असं लिहिलंयस.

पण ते खरं नाही, भोपळ्या. बाबा पडले तेव्हा मी डॉक्टरांना आणायला धावलो. आई मागून रडत होती. आणि धावताना माझं अंग हलकं झालं होतं. आता जावं लागणार नाही, हेच डोक्यात होतं. त्याआधी तीन आठवडे मी भीतीने नीट जेवलो नव्हतो. लांबच्या गावाची भीती, न येणाऱ्या भाषेची, परक्या पोरांबरोबर दालनात झोपायची. मी इच्छा मारली नाही, मी सुटलो. नंतर सगळे मला शाबासकी द्यायला लागले आणि मलाही ते खरं वाटायला लागलं. मग तू गेलास, फादर झालास, आणि ज्यातून मी पळालो तेच तू माझ्याकडून घेतलंस असं धरून बसलो. पंचवीसेक वर्षं.

हे वहिनीला सांगितलं. तिने माझ्या ताटातला थंड भात बदलून गरम वाढला. मास्तर मजकूर न्यायला आले तेव्हा त्यांनाही सांगितलं. ते म्हणाले, इतिहासात असं लिहीत नाहीत. मी म्हटलं, मग पान छापू नका. ते विचार करतो म्हणून गेले, आणि जाताना पहिल्यांदाच त्यांनी वर बघून छताचं लाकूड कुठलं ते विचारलं, दुकानाच्या छताचं. सांगितलं.

पान तुला परत पाठवतो. तीन ओळी मी खोडल्या आहेत, कडेला माझ्या अक्षरात खरं काय ते लिहिलंय. पान तुझं आहे, तुला पटेल तेवढं ठेव. पण तू कोणाच्या जागेवर उभा नाहीस, ही ओळ ठेवच.

एक विचारायचं होतं. तू गेलास त्या सकाळी ट्रंक मीच गाडीवर चढवली आणि गाडी वळायच्या आत कामाला लागलो. तूही तेव्हा सोळाच वर्षांचा होतास. तुला भीती वाटत होती का? इतक्या वर्षांत मी हे कधी विचारलंच नाही.

सावकाश लिही, पण लिही. इकडे सगळे तुझी वाट बघतात, त्यांत मीही धर.

तुझा,
दादा